दाढ काढल्यावर त्याच दिवशी गुळण्या नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील आरोग्यविषयक सदरात, दात काढल्यावर त्याच दिवसापासून मिठाच्या पाण्याने खळखळून गुळण्या कराव्यात, असा सल्ला छापला आहे. तो चुकीचा आहे आणि त्याची दुरुस्ती त्याच जागी, तितक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती. दात निघाल्यावर राहिलेल्या खड्ड्यात रक्त साकळून जी गुठळी बनते, तीच आतल्या उघड्या हाडावरचे झाकण असते. ती निघू नये म्हणून पहिले 24 तास चूळ भरायची नाही, जोराने थुंकायचे नाही आणि काही चोखून प्यायचे नाही, हे कोणताही दंतवैद्य सांगेल.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईची खालची दाढ काढली. घरी येताच शेजारच्या काकूंनी मायेपोटी आपल्या सदरातलाच सल्ला दिला आणि आईने तो मनोभावे पाळला. दुपारी कोणी शहाळे आणले, ते तिने नळीने ओढून प्यायले आणि संध्याकाळी जन्माच्या सवयीने बोटावर मशेरी घेतली. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका जाऊ लागला, तोंडाला घाण वास येऊ लागला आणि दुखण्याच्या गोळीने तासभरही उतार पडेना. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा खड्डा रिकामा होता आणि तळाशी पांढुरके हाड दिसत होते. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खालच्या दाढा काढल्यावर आणि तंबाखू वापरणाऱ्यांत हा त्रास अधिक होतो. डॉक्टरांनी खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरली तेव्हा कुठे तिला झोप लागली. पण त्यासाठी भर पावसात, गाल धरून बसलेल्या त्या माउलीला एसटीने पुन्हा तालुक्याला न्यावे लागले.

दवाखान्याबद्दलही माझी तक्रार आहे. सूचनांचा कागद तिथे मिळाला होता, पण तो सगळा इंग्रजीत होता; आणि तोंडी जे सांगितले ते आईचा जबडा बधिर असताना, तोंडात बोळा असताना सांगितले. मुलगे मुंबईला आणि घरात म्हातारी माणसे, अशी आमच्याकडची कितीतरी घरे आहेत. तिथे तो कागद कोणी वाचायचा? साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत अर्धे पान छापून द्यायला असा किती खर्च येतो?

दुरुस्ती छापताना एवढे अवश्य घालावे: बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा, तो सारखा काढून पाहू नये, लाळेत थोडे रक्त दिसले तर घाबरू नये, ती गिळावी. त्या दिवशी वाफाळती पेज किंवा चहा नको. पेज निववून, दुसऱ्या बाजूने खावी. मशेरी आणि विडी निदान काही दिवस पूर्ण बंद ठेवावी. मिठाचे कोमट पाणी 24 तासांनंतर, जेवणानंतर, तोंडात नुसते हळू फिरवून सोडून द्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याआधीच डॉक्टरांना सांगावे, ती आपल्या मनाने बंद करू नये. आणि दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, ताप आला किंवा दोन दिवसांनंतर सूज वाढतच गेली, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा.

आपला,
एक नियमित वाचक, गुहागर