चावडी पाडण्याआधी तो दगड काढून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावं आली, त्यांतलं एक आमचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणाला कोंडीत पकडायला हे पत्र नाही, आणि असा दगड फक्त आमच्याच गावात आहे असंही नाही.

गावठाणातल्या जुन्या चावडीच्या भिंतीवर महिन्यापूर्वी लाल रंगाच्या खुणा पडल्या. रस्ता रुंद होणार, चावडी जाणार. रस्ता व्हायलाच हवा. आमच्या बोळातून रुग्णवाहिका बाहेर काढताना काय हाल होतात ते मी पाहिले आहेत. पण त्या चावडीच्या दाराच्या उजव्या हाताला, भिंतीत, पाटाएवढा एक संगमरवरी दगड बसवलेला आहे. त्यावर इंग्रजीत कोरलंय की या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. त्या लढाईनंतर इंग्रज सरकारनं असे दगड ठिकठिकाणी गावांत बसवले. त्यावर नाव एकाचंही नाही, नुसते आकडे.

आमच्या दगडावर आता आकडेही उरलेले नाहीत. दर रंगकामात भिंतीबरोबर दगडालाही ऑइल पेंट लागला, थरावर थर चढले. मागच्या रविवारी नातीला घेऊन गेले. तिनं दगडावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. ‘फ्रॉम धिस व्हिलेज’ पांढरं उमटलं, ‘ग्रेट वॉर’ उमटलं. आकड्यांच्या जागी कागद नुसता काळा झाला. रंगानं खाचा पार बुजल्या आहेत.

न परतलेल्यांमध्ये माझे आजेसासरे होते. मी लग्न होऊन आले तेव्हा आजेसासूबाई होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नाही. ‘बसऱ्याला गेले’ एवढंच म्हणायच्या. ते गेले त्या वेळी माझे सासरे रांगत होते. घरात सरकारकडून आलेली एक काशाची गोल तबकडी आहे, वीतभरापेक्षा लहान. तिच्यावर सिंह आहे, हातात पानांचा हार धरलेली एक बाई आहे आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत आजेसासऱ्यांचं नाव आहे. हुद्दा नाही, आडनाव नाही. मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी अशी तबकडी पाठवत. आजेसासूबाई ती अमावास्येला चिंचेनं घासून लख्ख करायच्या, पण देवांत कधी ठेवली नाही. कणगीमागच्या कोनाड्यात ठेवायच्या. ती चिंचेची आंबट, तांबूस बोटं मला अजून दिसतात. तिथी माहीत नव्हती, म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला वाढलं जायचं.

ती तारीख शंभर वर्षांनी सापडली. माझ्या पुतण्यानं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदींत शोधलं. पलटण ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. बापाचं नाव, गावाचं नाव (स्पेलिंग असं की वाचताना अडखळायला होतं) आणि खाली ‘पूना’. तारीख कुत-अल-अमाराच्या वेढ्यातली.

या वेढ्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून दोन ओळी लिहिते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी ६ वी पूना डिव्हिजन गेली ती नावाप्रमाणे इथलीच. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला कुतला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. जवळजवळ पाच महिने. पीठ कमी कमी होत गेलं, घोडे कापायची वेळ आली. आपल्यातल्या बहुतेकांनी ते मांस खायला बरेच दिवस नको म्हटलं. हिरड्या सुजून रक्त यायचं, अंगात त्राण राहायचं नाही, आणि कितीतरी जण गोळी न लागताच गेले. शरण आलेल्या सुमारे तेरा हजारांत बहुतेक हिंदी होते. कैदेत पायी चालवत नेताना त्यांतले किती वाटेत पडले ते वाचवत नाही.

इराकमध्ये बसऱ्याला या मोहिमेत मेलेल्यांचं मोठं स्मारक आहे. चाळीस हजारांहून अधिक जणांचं. १९२९ मध्ये ते उभारलं तेव्हा गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं, पण हिंदी शिपायांचं पलटणीच्या नावापुढे ‘आणि इतके शिपाई’ एवढ्यावरच भागवलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बसऱ्यालाही आकडा आणि आमच्या चावडीवरही आकडा! त्या कमिशननं एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच अहवालात कबूल केलं की मेलेल्यांमध्ये असा भेदभाव झाला, आणि माफीही मागितली. इंग्लंडमधले लोक शंभर वर्षांनी नावं शोधतात, मग आपल्या महापालिकेच्या वॉर्डात ती का शोधू नयेत?

चौकशीला गेले तेव्हा एका कचेरीत मला सांगितलं, “आजी, तो इंग्रजांचा दगड आहे, आपल्या यादीत नाही.” ते सांगणाऱ्याचं वय माझ्या मुलाएवढं होतं, बोलणंही नम्र होतं. पण मला हे पटत नाही. दगड इंग्रजांनी बसवला, माणसं आमची गेली. कोणी पलटणीचं घर म्हणून गेलं, कोणी पगारासाठी गेलं. राजा कोणाचा हा प्रश्न विचारायची त्यांची सोय नव्हती. घरात पोर रांगत होतं आणि शेत पावसावर होतं. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये झालं, तिथे पंचवीस हजारांवर नावं ग्रॅनाइटवर आहेत, पण ती स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची, आणि ते योग्यच आहे. इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिकांनी प्राण दिले. बाकीच्यांनी जायचं कुठे?

आता आमच्या भागात सोसायट्यांमधली मंडळी आणि गावातली तरुण मंडळं मिळून बागेत शहीद स्मारक करायचं म्हणताहेत. बंदूक उलटी धरलेला जवान, वर हेल्मेट, मागे तिरंगा. मला मनापासून आनंद आहे, माझी वर्गणी मी दिली आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३१ वर्षं काम केलंय, फौजेचं अन्न खाल्लंय. माझं मागणं एवढंच की त्या जवानाच्या पायाशी हा दगड बसवा आणि शेजारी नव्या दगडावर मराठीत नावं लिहा. नावं मिळतात. आमचं मिळालं. गावाच्या नावानं, स्पेलिंग उलटसुलट करून, नोंदी चाळाव्या लागतील, जुन्या घरांत विचारावं लागेल. एखाद्या घरी आमच्यासारखी तबकडी निघेल. भंगारात घालण्याआधी ती कुणी तरी वाचावी.

आपल्या वाचकांतले जे अशा सामील झालेल्या गावांत राहतात त्यांनी आपापली चावडी, जुनी शाळा, देवळाचा ओटा एकदा बघावा ही विनंती.

आणि जो कोणी ठेकेदार येईल त्याला आधी सांगून ठेवा, त्या भिंतीला जेसीबी लावण्याअगोदर छिन्नीनं दगडाच्या चारी बाजू मोकळ्या करा. एका गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, मजुरी मी देईन. वरचा रंग उतरवायला मी आणि नात येऊ.

आपली नम्र,
एक निवृत्त कामगार, पुणे