उत्तर किवूच्या चौक्यांवरच्या सीएलए मंडळींचे जाहीर आभार

उत्तर किवूमधल्या सर्व सीएलए भगिनी आणि बंधूंना,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे कांगो म्हटलं की १९६१ सालची एलिझाबेथविलची लढाई आणि परमवीरचक्राचे मानकरी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया आठवतात. त्यानंतर तिथे काय चाललंय याची खबर फारशी कोणी ठेवत नाही. पण गेल्या दोन दशकांत पूर्व कांगोतल्या उत्तर किवू प्रांतात, गोमा, रुत्शुरु, मासिसी, वालिकाले या पट्ट्यात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून भारताच्या कितीतरी पलटणी येऊन गेल्या, आणि २०१० पासून त्यांच्या चौक्यांवर तुम्ही होता. नेमणूक संयुक्त राष्ट्रांची, नागरिकत्व कांगोचं, मुक्काम सैनिकांच्या शेजारी. कम्युनिटी लायझन असिस्टंट, म्हणजे गावकरी आणि शांतिसेना यांच्यातला दुवा, हे तुमच्या हुद्द्याचं पूर्ण नाव, पण ते कोणी घेत नाही. सगळे सीएलएच म्हणतात. दुभाषा एवढीच तुमची ओळख करून देणारे अजून भेटतात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर.

तुमचं पद का निर्माण झालं हे आधी सांगायला हवं, आणि त्यात शांतिसेनेला भूषणावह असं काही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये किवांजा गावात सीएनडीपी या सशस्त्र गटाच्या बंडखोरांनी दोन दिवसांत किमान दीडशे माणसं मारली. शांतिसेनेची चौकी तिथून मैलभरही लांब नव्हती. हत्यारं होती, चिलखती गाड्या होत्या; गावात कुठल्या गल्लीत काय चाललंय हे सांगणारं आणि समजून घेणारं माणूस पुरेसं नव्हतं. दोन वर्षांनी, ३० जुलै ते २ ऑगस्ट २०१० या चार दिवसांत, वालिकालेतल्या किबुआ ते म्पोफी रस्त्यावरच्या तेरा गावांत ३८७ जणांवर बलात्कार झाले. लुवुंगी हे त्यातलं एक गाव. किबुआची चौकी सुमारे ३० किलोमीटरवर, मध्ये मोबाइलला रेंज नाही. २ ऑगस्टला गस्त त्याच रस्त्याने गेली, तेव्हा बायकांनी बलात्काराबद्दल काहीच सांगितलं नाही. परक्या देशातल्या गणवेशातल्या पुरुषांना, तेही भर रस्त्यात, दुसऱ्याच्या तोंडून, कोण सांगेल? खरा प्रकार बाहेर यायला आणखी कित्येक दिवस गेले.

त्यानंतर तुम्ही जे जाळं विणलं त्याचं तंत्र बाहेरच्यांना सोपं वाटतं. गावागावांत काही भरवशाची माणसं निवडायची, त्यांच्या हाती फोन द्यायचे, आणि काही झालं की त्यांनी तुम्हाला किंवा चौकीला कळवायचं. खरी अक्कल निवडीत लागते. नुसत्या गावप्रमुखाला फोन दिला तर त्याच्या जातकुळीच्या लोकांचीच दुःखं कळतात. म्हणून तुम्ही आरोग्यकेंद्रातली नर्स, शाळामास्तर, बायकांच्या गटाची प्रमुख, बाजारात बसणारे यांनाही धरलंत. हुंदे, हुतू, नांदे या जमातींच्या वस्त्या एकाच डोंगरउतारावर असल्या तर प्रत्येकीत वेगळं माणूस. मग फोन चालू ठेवण्याची कटकट: वीज नाही म्हणून चार्जिंगची सोय बघा, बॅलन्स संपला म्हणून भरा, रेंज कुठल्या टेकाडावर मिळते ते आधी चालून बघा. रेंजच नसेल तिथे लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ, आणि तोही चालवायला येणारं माणूस.

फोन आल्यावर तुम्ही काय विचारायचात ते नव्याने जाणाऱ्या प्रत्येक कंपनी कमांडरने पाठ करावं. कोण, कुठे, कधी, किती जण, कोणती हत्यारं, कोणत्या दिशेने निघाले. आणि सर्वांत महत्त्वाचं: तू स्वतः पाहिलंस की कोणी सांगितलं? मग दुसऱ्या वस्तीतल्या दोघांना वेगवेगळं विचारून ताळा जमवायचा. कारण या जाळ्याचा गैरवापरही होतो. जमिनीचं भांडण असलेला शेजारी समोरच्या वस्तीत ‘बंडखोर लपलेत’ म्हणून कळवतो आणि शांतिसेनेची गाडी नकळत एका बाजूची होऊन बसते. ताळा जमवण्यात दहा मिनिटं जातात. ऑप्स रूममधला, म्हणजे गस्ती पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षातला, अधिकारी घाईला आलेला असतो. ती दहा मिनिटं तुम्ही हट्टाने घेतलीत, त्याबद्दल आभार.

आणखी एक गोष्ट नियमपुस्तकात सापडत नाही. खबर आली की कांगोच्या सरकारी सैन्याला आणि पोलिसांना कळवायचं, हा रिवाज. पण ज्या गावात त्याच सैन्याच्या तुकडीने वसुली केलेली असते, तिथे खबर देणाऱ्याचं नाव सोडाच, गावाचं नावही कसं आणि कोणापर्यंत पोचवायचं हे तुम्हालाच ठरवावं लागायचं. चुकलं तर फटका त्या नर्सला किंवा मास्तरला. बंडखोर नाक्यावर फोन हिसकावून आधी केलेले कॉल तपासतात, हेही काही गुपित नाही. म्हणून नंबर तोंडपाठ हवा, कॉल पुसलेला हवा, आणि गस्तीची गाडी खबर देणाऱ्याच्या दारात मुळीच उभी राहायला नको. धन्यवाद द्यायला थांबलेली गाडी त्याच्या जिवावर उठू शकते!

गस्तीत तुमच्याकडून शिकण्यासारखं होतं ते बरंचसं बसण्या-उठण्याचं. चौकात जमाव गोळा करून ‘काही त्रास आहे का?’ विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं, कारण त्या जमावात बंडखोरांचा एखादा माणूस असतोच. आरोग्यकेंद्रात जा, किती जखमी आले बघा. शाळा बंद आहे का, बाजाराच्या दिवशी टपऱ्या किती लागल्या, शेतावर बायका गेल्यात की गावातच घुटमळतायत, ही लक्षणं आधी वाचा. बायकांशी बाईनेच, बाजूला घेऊन बोलावं. गस्तीची वेळ रोज तीच ठेवू नये. लुटारू घड्याळ लावून वाट बघतात. हे सगळं एक पलटण वर्षभरात शिकते आणि शिकली की मायदेशी परतते. नवी येते, पहिला धडा पुन्हा सुरू. तुम्ही मात्र तिथेच असता. आलेल्या प्रत्येक तुकडीला स्वाहिलीतलं चार वाक्यांचं बोलणं आणि कोणत्या प्रमुखाचं कोणाशी पटत नाही याचा हिशेब तुम्हीच परत परत दिलात. या बदलीपद्धतीचा दोष तुम्ही झाकलात म्हणून तो वर बसलेल्यांना फारसा दिसला नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दिलेल्या प्रत्येक खबरेवर कोणी धावून गेलं असंही नाही. पावसाळ्यात मासिसीच्या चिखलात २०-३० किलोमीटरला अर्धा दिवस लागतो, रात्री हेलिकॉप्टर सहसा उडत नाही, आणि कधी कधी वरून परवानगीच येत नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी त्याच गावात जाऊन तोंड दाखवायचं ते तुम्हाला. सुरक्षा परिषदेच्या मार्च २०१३ च्या ठरावानंतर दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीचं ३,०६९ जणांचं, बंडखोरांवर चालून जाण्याची मुभा असलेलं हस्तक्षेप ब्रिगेड आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एम२३ ही बंडखोर संघटना हरली, आणि काही काळ तुमच्या शब्दाला वजन आलं. पुढे २०२१ च्या अखेरीपासून एम२३ परत उभी राहिली, जून २०२२ मध्ये सीमेवरचं बुनागाना तिच्या हाती गेलं. दीड महिन्यातच लोकांचा राग शांतिसेनेवर फुटला. बुतेम्बो शहरात बीएसएफचे दोन जवान आणि मोरोक्कोचा एक सैनिक मारले गेले. त्या दिवसांत शांतिसेनेचं ओळखपत्र गळ्यात घालून स्वतःच्याच लोकांत हिंडणं म्हणजे काय, याची कल्पना आम्ही करू शकतो, अनुभव मात्र तुमचा.

जानेवारी २०२५ मध्ये गोमा एम२३ च्या हाती पडलं. परदेशी सैनिकाला तळाच्या भिंतीआड राहता येतं आणि एक दिवस विमानात बसता येतं. तुमची घरं तिथेच, आणि तुम्ही ज्यांना फोन दिलेत त्यांचीही. म्हणून आभारासोबत एक मागणी, तुमच्यातर्फे म्हणून इथे मांडतो. जो तळ बंद होईल तिथल्या खबर देणाऱ्यांच्या याद्या, वह्या, जुनी सिमकार्डं आणि संगणकावरच्या फायली कुलूप बदलण्याआधी हलवाव्यात किंवा जाळाव्यात. कंत्राट संपलेल्या सीएलएला घरी पाठवण्याआधी त्याचं घर कोणत्या भागात आहे हे विचारावं, आणि तिथे जाणं धोक्याचं असेल तर त्याची व्यवस्था होईपर्यंत कंत्राट वाढवावं. दक्षिण किवूतून शांतिसेना जून २०२४ अखेर निघाली. त्या निघण्याच्या यादीत तंबू, जनरेटर, गाड्या यांचा हिशेब असतो, तसाच माणसांचाही रकाना असावा.

ज्यांना फोन दिलेत त्या नर्सताईंना, गुरुजींना आणि बाजारातल्या मावश्यांनाही, त्यांची नावं न घेता, आमचा नमस्कार पोचवा.

आपले,
कांगोतल्या भारतीय तुकड्यांचं काम जवळून माहीत असलेली काही मराठी मंडळी