यंदाच्या गणपतीबद्दल आणि पगारातल्या कपातीबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

माझ्या पगारातून जास्त कर कापला गेल्याचे कळल्यापासून बाबांना रात्रीची झोप नाही आणि त्यांनी मावशींना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगायचे ठरवले आहे, असे दादाकडून कळले. फोनवर हा विषय निघाला की आई रडू लागते, बाबा गप्प होतात आणि मला जे सांगायचे असते ते राहून जाते, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे. बाबा, सकाळच्या चहानंतर चष्मा लावून हे पत्र स्वस्थपणे वाचा आणि मग आईलाही वाचून दाखवा.

सर्वांत आधी हे सांगते की माझ्यावर कसलाही दंड लागलेला नाही, चौकशी लागलेली नाही आणि इथल्या नोकरीला किंवा व्हिसाला कसलाही धोका नाही. काकांच्या वेळेस आपल्या घरी जे पाकीट आले होते, त्याची आठवण तुम्हाला होणे मी समजू शकते, पण मला आलेल्या कराच्या पत्राचा त्या प्रकाराशी काहीही संबंध नाही. इथल्या म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडून, एचएमआरसीकडून, असे पत्र नोकरी करणाऱ्या कोणालाही येऊ शकते. तुमचा टॅक्स कोड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते सांगणारी खूण, बदलला आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते.

तुम्ही आयुष्यभर हिशेबाच्या टेबलावर काम केले आहे, तेव्हा नीट समजावून सांगितले तर तुमची काळजी निम्म्याने कमी होईल अशी मला खात्री आहे. आपल्याकडे वर्षाच्या सुरुवातीला आपण ऑफिसला गुंतवणुकीची माहिती देतो आणि ऑफिस त्याप्रमाणे हिशेब करून टीडीएस कापते. दर जानेवारीत तुमच्या टेबलापाशी सगळ्यांचे विम्याचे आणि पीपीएफचे कागद कसे गोळा व्हायचे, ते मला अजून आठवते. इथे तो हिशेब कंपनी स्वतः करत नाही. कर खाते प्रत्येक माणसासाठी एक कोड ठरवून तो परस्पर कंपनीला कळवते, आणि कंपनीला तो कोड चुकीचा वाटला तरी स्वतःच्या अखत्यारीत बदलता येत नाही. माझा नेहमीचा कोड 1257एल असा आहे. त्यातल्या आकड्याला दहाने गुणले की 12,570 पौंड होतात, आणि वर्षाला तेवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही. 2021 पासून ही मर्यादा हललेली नाही. शेवटचे 'एल' हे अक्षर सर्वसाधारण सवलत मिळणाऱ्या माणसासाठी असते.

जुलैचे पगारपत्रक आले तेव्हा टॅक्स कोडच्या चौकटीत 1257एलच्या जागी नुसती 'बीआर' ही दोन अक्षरे होती. हा कोड लागला की करमाफीची मर्यादा त्या पगाराला मिळत नाही आणि पहिल्या पौंडापासून सरसकट 20 टक्के कर कापला जातो. 12,570चे बारा भाग करून त्याचे 20 टक्के काढा, म्हणजे महिन्याला जवळपास 210 पौंड येतील. तेवढे माझ्या हातात कमी आले. आपल्या रुपयांत ही रक्कम वीस हजारांच्या वर जाते, म्हणून तुम्हाला धक्का बसला, आणि खरे सांगायचे तर मलाही बसला. पण हे पैसे बुडालेले नाहीत, जास्तीचे कापले गेले आहेत, आणि या दोन गोष्टींतला फरक तुमच्याइतका कोणाला कळणार?

हे असे का झाले, तेही सांगते. मे महिन्यात मी नोकरी बदलली. जुन्या कंपनीने मला नोकरी सोडल्याचा कागद दिला, त्याला इथे पी45 म्हणतात, आणि तो मी नव्या कंपनीला पहिल्याच दिवशी दिला. मात्र जुन्या कंपनीने माझी नोकरी संपल्याची तारीख कर खात्याला वेळेवर कळवली नाही. त्यामुळे नोंदीत मी एकाच वेळी दोन नोकऱ्या करते आहे असे दिसू लागले, करमाफीची मर्यादा जुन्या नोकरीकडेच राहिली आणि नवी नोकरी दुय्यम धरली गेली. दुय्यम नोकरीला साधारणपणे बीआर हाच कोड लागतो. ऑनलाइन खात्यात दोन्ही नोकऱ्या एकाखाली एक लिहिलेल्या मी स्वतः पाहिल्या, तेव्हाच सगळा उलगडा झाला.

तिथेच जुन्या नोकरीची शेवटची तारीख भरता येते, ती मी भरली. शिवाय फोन करून खात्री करून घेतली आणि नव्या ऑफिसातल्या पगार विभागालाही लेखी कळवून ठेवले. आता नवे पत्र आले आहे आणि त्यात पुन्हा 1257एल आहे. बाबा, तुम्ही विचाराल म्हणून लिहिते, आकड्याच्या पुढे 'एम1' किंवा 'एक्स' लिहिलेले नाही हेही मी नीट पाहिले आहे. तसे असते तर प्रत्येक महिन्याचा हिशेब वेगळा धरला गेला असता आणि मागची जास्तीची कपात लगेच परत आली नसती. ते नसल्यामुळे कर वर्षाच्या सुरुवातीपासूनचा, म्हणजे 6 एप्रिलपासूनचा, सगळा हिशेब नव्याने मांडला जातो आणि जास्त कापलेली रक्कम पगारातूनच परत मिळते. ऑगस्टचे पगारपत्रक नवा कोड पोहोचण्याआधीच तयार झाले होते, त्यामुळे ऑगस्टमध्येही जास्त कपात होईल आणि दोन्ही महिन्यांचे पैसे सप्टेंबरअखेरच्या पगारात एकदम येतील. समजा तेव्हाही काही राहिलेच, तर वर्ष संपल्यावर कर खाते हिशेबाचे पत्र पाठवते आणि फरक परत देते; चार वर्षांपर्यंत मागणी करता येते. तेव्हा यात रात्री जागण्यासारखे काहीही उरलेले नाही.

आता जे लिहायला मला जड जाते आहे ते लिहिते. यंदा आम्ही गणपतीला येत नाही. तिकिटे अजून काढलेली नव्हती, आणि आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि माघी गणपतीच्या सुमारास यायचे ठरवले. आई, तू यावर काही बोलणार नाहीस आणि सगळ्यांना 'तिला रजा मिळाली नाही' असे सांगशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटते. पण गणपतीच्या दिवसांतली तिघांची तिकिटे आत्ता काढायची तर ती क्रेडिट कार्डावर काढावी लागतील, कारण पैसे परत येणार ते त्यानंतर. नव्या नोकरीत रजाही अजून पुरेशी साठलेली नाही. चिऊची नर्सरी नुकतीच सुरू झाली आहे, तिचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच भरावे लागतात, आणि ती तिथे रुळायच्या आत तिला हलवावे असे आम्हाला वाटत नाही. माघात आलो तर घाईघाईने दर्शन घेऊन परत निघण्याऐवजी निवांत राहता येईल, थंडीही असेल आणि आईला स्वयंपाकघरात दिवसभर उभे राहावे लागणार नाही. ही सगळी कारणे खरी आहेत, आणि तरीही ती लिहिताना मला पुरेशी वाटत नाहीत. आरतीच्या वेळी बाबा मला खांद्यावर घेऊन उभे राहायचे आणि मी त्यांचे केस घट्ट धरून झांजा वाजवायचा हट्ट करायची, ते चिऊला यंदाच दाखवायचे माझ्या मनात होते. तिला 'सुखकर्ता'चे पहिले कडवे येते. फोनवर म्हणून दाखवेल, पण तिला मध्येच थांबवून कौतुक करू नका, ती लाजते आणि पुढचे म्हणत नाही.

तुम्हाला दर महिन्याला पाठवते ती रक्कम अगदी तेवढीच येईल. ऑगस्टची पाठवलेली आहे, सप्टेंबरची बाजूला काढून ठेवली आहे. त्यामुळे मावशींना काढायचे नाही. बाबा, यावर मी वाद घालणार नाही आणि तुम्हीही घालू नका. त्या येतात म्हणून आईला सकाळी वेळेवर इन्सुलिन मिळते आणि तुमचे गुडघ्याचे व्यायाम होतात. त्या नसतील तर तुम्ही व्यायाम करत नाही, हे मला आईने नव्हे, दादाने सांगितले आहे, तेव्हा तिच्यावर रागावू नका. फिजिओथेरपीच्या राहिलेल्या खेपाही पूर्ण करा. तुमच्या पैशांतून माझ्यासाठी एफडी मोडण्याचा विचार तर मुळीच करू नका. ती निळी फाईल होती तिथेच, कपाटात राहू द्या.

गौरीचे मुखवटे माळ्यावरून दादाच काढील. आईने स्टुलावर चढायचे नाही, आणि 'नुसते एकदा बघते' असे म्हणूनही चढायचे नाही. उकडीचे मोदक नैवेद्यापुरते अकरा घरी करा, बाकीचे बाहेरून मागवा, बाप्पाला त्यात काही वावगे वाटणार नाही. आई, सणाच्या गडबडीत तू जेवणाची वेळ चुकवतेस आणि मग साखर खाली जाते, म्हणून पूजा लांबली तरी आधी दूध किंवा फळ घेत जा. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी गणपतीच्या आधी करून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव, नुसते 'चांगला आहे' असे सांगू नकोस.

अजून एक महत्त्वाची गोष्ट. मला आलेल्या पत्राची चर्चा कॉलनीत झाली आहे असे दिसते. उद्या कोणी फोन करून किंवा व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून 'तुमची मुलगी परदेशात कराच्या प्रकरणात अडकली आहे, पैसे भरा' असे म्हणाले, तर एक शब्दही न बोलता फोन ठेवा आणि लगेच मला किंवा दादाला कळवा. 'डिजिटल अरेस्ट' असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. तसा फोन आलाच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायची असते, तो क्रमांक बाबांनी फोनशेजारच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. इथेही परताव्याच्या नावाने खोटे मेसेज येतात. मी कुठल्याही लिंकवर बँकेची माहिती भरत नाही, माझा परतावा पगारातूनच येणार आहे.

सप्टेंबरचे पगारपत्रक आले की मी बाबांना त्याचा फोटो पाठवीन. तुम्ही स्वतः आकडे तपासा आणि काही खटकले तर मला विचारा, तुमच्या नजरेखालून गेले म्हणजे मलाही स्वस्थ वाटेल. तुमचे जावई नमस्कार सांगतात, चिऊ आजोबांना पापा पाठवते. हे पत्र मिळाले की आधी मावशींना 'येत राहा' असे सांगा आणि मग मला फोन करा. रविवारी मी सकाळपासून घरीच आहे.

तुमची,
बाळी