हात बदलायला थांबता तेव्हा

ति. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आधी एवढं वाचा: मी घरी आहे, बरी आहे आणि हे पत्र माझ्याच हाताने लिहिते आहे.

बारा दिवसांपूर्वी रात्री मला हार्ट अटॅक आला. त्यानंतर आपण दोनदा फोनवर बोललो. आई, तू विचारलंस, "आवाज का असा?" मी म्हटलं, झोप झाली नाही. खोटं बोलले. तुम्ही दोघं रात्रभर जागे राहाल, या भीतीने बोलले. माफ करा.

साडेअकराच्या सुमारास छातीच्या मधोमध कुणी गुडघा टेकवून बसावं तसं झालं. कळ नव्हती, टोचतही नव्हतं, नुसता दाब. जबड्यात ओढ आणि कपाळावर गार घाम. मी ॲसिडिटीची गोळी घेतली, येरझाऱ्या घातल्या, पाठीला उशी लावून बसून पाहिलं. असे दोन तास घालवले. उगाच कुणाची झोप कशाला मोडा, सकाळी बघू, ही सवय मला कुठून लागली ते बाबा, तुम्हाला ठाऊक आहे.

उलटी झाली तेव्हा कुठे तुमच्या जावयांना उठवलं. ते गाडीची किल्ली शोधायला लागले, मग थांबले आणि त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. वाटेत हृदयाची लय बिघडलीच, तर ॲम्ब्युलन्समध्ये शॉक द्यायचं यंत्र असतं. स्टिअरिंग धरलेला नवरा काय करणार होता? ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने ॲलर्जी आहे का, कुठे रक्तस्राव होतो का, ते विचारलं आणि ॲस्पिरिन हातावर ठेवली. "गिळू नका, चावा." चावली की ती लवकर रक्तात उतरते.

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी पहिल्या 10 मिनिटांत व्हावा, असा दंडक आहे. माझं नाव-पत्ता नंतर विचारला, आधी ईसीजी काढला. चार चिकट पट्ट्या हातापायांवर, सहा छातीवर. कागद बाहेर आला तशी नर्सने त्याच्या कोपऱ्यात वेळ लिहिली आणि तो डॉक्टरांपुढे धरला. नॉर्मल! मी पाय खाली सोडले, म्हटलं, जाऊ ना घरी? डॉक्टर म्हणाल्या, "एका ईसीजीवर आम्ही कुणाला सोडत नाही. पहिला चांगला येतो आणि अटॅक असतो, असं होतं."

मग ट्रोपोनिनची रक्त तपासणी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात येतं, पण यायला वेळ लागतो. म्हणून एक नमुना आल्या आल्या घेतला, दुसरा तीन तासांनी. दोन्हींतला फरक बघायचा असतो.

ते तीन तास मी विसरणार नाही. नर्स मधून मधून येऊन विचारायची, "दहापैकी किती दुखतंय?" मी सांगायचे, तीन. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझ्या हाताकडे पाहिलं. पलंगाची दांडी मी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. तिने हलकेच एकेक बोट सोडवलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही कमी सांगितलंत तर आम्ही औषधही कमीच देऊ. खरं सांगा." मी म्हटलं, सात. आणि मला रडू फुटलं. तोवर मी कुणालाच खरा आकडा सांगितला नव्हता, स्वतःलासुद्धा नाही.

दुसऱ्या नमुन्यात ट्रोपोनिन कितीतरी पटीने वाढलेलं होतं. सकाळी मनगटातून नळी घालून ॲन्जिओग्राफी केली, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. मी पूर्ण जागी होते. ती उघडायला आत फुगा फुगवला त्या काही सेकंदांत रात्रीचंच दुखणं परत आलं, तसंच, तिथेच. फुगा उतरला आणि तेही गेलं. मग वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसला. नंतर मनगटावर हवा भरलेला पट्टा बांधला आणि त्यातली हवा थोडी थोडी काढत गेले. आता रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आहेत. एकही चुकवायची नाही, मनाने बंद करायची नाही.

आई, तुला साखर आहे. मधुमेहात कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप लागते, मळमळतं, घाम फुटतो, गळून गेल्यासारखं वाटतं. बायकांना आणि वय झालेल्यांनाही असं होऊ शकतं. असं झालं तर पडून राहू नकोस. पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि मला त्यानंतर फोन करा, आधी नाही.

आणि बाबा. मागच्या खेपेला जिन्यात दुसऱ्या मजल्यावर तुम्ही थांबलात. "पिशवीचा हात बदलतो," म्हणालात. पिशवी तुम्ही खाली ठेवलीत आणि हात छातीवर गेला. मी बघितलं आणि काहीच बोलले नाही. चढताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, हे डॉक्टरांना सांगण्यासारखंच लक्षण आहे. उद्याच जा. ईसीजी नॉर्मल आला तरी जिन्याची गोष्ट सांगा. आणि बसल्या जागी दुखलं तर उद्याचीही वाट बघू नका. दहापैकी किती, ते आईला खरं सांगा.

शनिवारी येते आहे. मलाही जिना सावकाश चढायला सांगितलंय, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर दोघं थांबू. पिशवी जावयांकडे देऊ.

तुमची,
धाकटी