मिसट्रायलची मागणी म्हणजे वेळकाढूपणा नव्हे

संपादक महोदय,

अमेरिकेतील गाजणाऱ्या फौजदारी खटल्यांच्या बातम्यांत ‘बचाव पक्षाने मिसट्रायलची (म्हणजे निकालाविना खटला रद्द करण्याची) मागणी केली, ती न्यायाधीशांनी फेटाळली’ एवढाच उल्लेख येतो आणि ही हरत आलेल्या वकिलाची खेळी असावी, असा वाचकांचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही.

तेथील फेडरल न्यायालयांत अंतिम युक्तिवाद सरकारी वकील सुरू करतो, नंतर बचाव पक्ष बोलतो आणि प्रत्युत्तराची संधी पुन्हा सरकारी वकिलालाच मिळते. या प्रत्युत्तरात मर्यादा ओलांडली गेली, तर बचाव पक्षाच्या हाती आक्षेप घेणे आणि खटला रद्द करण्याची मागणी करणे एवढेच उरते. आक्षेप तेव्हाच नोंदवला नाही, तर अपिलात तो मुद्दा फार कडक निकषावर तपासला जातो, त्यामुळे मागणी फेटाळली जाणार हे दिसत असतानाही ती करावी लागते. 2021 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येचा आरोप असलेला पोलीस अधिकारी डेरेक शॉव्हिन याच्या खटल्यात (हा खटला फेडरल नव्हे, राज्य न्यायालयातील होता) समारोपानंतर अशी मागणी झाली, तेव्हा तिचा मुख्य रोख न्यायालयाबाहेरील वक्तव्यांवर होता. न्यायाधीशांनी ती फेटाळली खरी, पण त्या वक्तव्यांमुळे अपिलासाठी मुद्दा मिळू शकतो, हेही बोलून दाखवले.

सरकारी वकिलाने जोरदार प्रहार अवश्य करावेत, मात्र अनुचित प्रहार करू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1935 मध्ये बर्गर खटल्यात बजावले आणि आरोपीची शिक्षा रद्द केली. आरोपीने साक्ष दिली नाही म्हणून तो दोषी असावा, असे ज्युरीला सुचवण्यास 1965 च्या ग्रिफिन निकालाने मनाई केली. नियम इतके स्पष्ट असूनही 1986 च्या डार्डेन प्रकरणात, आरोपीला भर न्यायालयात ‘जनावर’ म्हणणारा युक्तिवाद अनुचित होता हे मान्य करूनच, पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा कायम राहिली आणि 1988 मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. पुरावा भक्कम होता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पण मग मर्यादाभंगाची किंमत सरकार पक्षाने कधी मोजायची? ‘ते वाक्य विचारात घेऊ नका’ अशी सूचना ज्युरीला दिली की काम भागते, हे गृहीतक मला तरी पटत नाही.

मागणी मान्य झाली, तरी आरोपी सुटत नाही. 1982 च्या केनेडी निकालानुसार, सरकार पक्षाने बचाव पक्षाला मिसट्रायल मागायला भाग पाडण्याच्या हेतूनेच गैरवर्तन केले, असे सिद्ध झाले तरच फेरखटल्याला प्रतिबंध होतो, आणि हेतू सिद्ध करणे किती अवघड असते हे सांगायला नको. एरवी आरोपीला पुन्हा नव्या ज्युरीसमोर उभे राहावे लागते, तेही त्याच्या बचावाचे सारे डावपेच सरकारी वकिलाला आधीच ठाऊक झालेले असताना. अशी मागणी वकील सहजासहजी करत नसतात.

म्हणून आपल्या वार्ताहरांनी यापुढे अशा बातम्यांत आक्षेप नेमक्या कोणत्या वाक्यावर होता, तो केव्हा नोंदवला गेला आणि न्यायाधीशांनी ज्युरीला कोणती सूचना दिली, एवढे तरी द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक