पहिलं पान कोरं ठेवलंय

मुंबई,
१६ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोनवर बोलतोच, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोन बाबांच्या हातात असतो, तोही स्पीकरवर, आणि आई मागून फक्त ‘जेवलीस का विचारा’ एवढंच म्हणते. म्हणून पत्र. हे आईने मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी ऐकायचं. मध्येच ‘पुढे काय लिहिलंय’ म्हणायचं नाही, बाबा.

दसऱ्याच्या आधी माळा काढला. तुम्ही गिरगावची खोली सोडून देवरुखला गेलात तेव्हा माझ्याकडे ठेवलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका इथे मुलुंडला तशाच पडून होत्या. यंदा पावसात माळ्याच्या कोपऱ्यातून पाणी झिरपलं आणि एका ट्रंकेच्या बुडाला गंज चढला, म्हणून उघडणं भाग पडलं. पुस्तकं वाचली आहेत, काळजी नको. तळाची तीन-चार फुगली होती, ती पंख्याखाली पसरून ठेवली. आईने मलमलच्या तुकड्यांत बांधलेल्या वेखंडाच्या पुरचुंड्याही जागच्या जागी होत्या. वास उडालाय, पण एकाही पुस्तकाला कसर नाही.

दोन दिवस मी बाबांचं अक्षर वाचत बसले. घर तसंच अर्धवट आवरलेलं. ‘चि. मनीस, पाटीपूजनानिमित्त सप्रेम भेट.’ ‘चि. मनीस, गुढीपाडव्यानिमित्त.’ खाली तारीख, खाली ‘गिरगाव, मुंबई ४०० ००४’. भेट दिलेल्या पुस्तकावर पिनकोड घालणारा माणूस सगळ्या मुंबईत एकटे तुम्हीच असाल! जीपीओत आयुष्यभर टपालाचं सॉर्टिंग केलं की असं होत असावं. आणि निमित्तं तरी कसली! ‘पुढचे दोन दात पडल्याबद्दल.’ ‘यंदा गणपतीत गावी जाता आलं नाही म्हणून.’ एकावर नुसतंच ‘पहिला पाऊस’. दादाच्या एका पुस्तकावर ‘गणितात पस्तीस मिळाल्याबद्दल’ आहे. हे कौतुक होतं की टोमणा, हे त्याला अजून कळलेलं नाही.

दहाव्या वाढदिवसाचंही सापडलं. त्या दिवशी मला झालरवाला फ्रॉक हवा होता. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीला मिळालेला तसाच. तुम्ही संध्याकाळी वाट वाकडी करून फाउंटनला गेलात आणि तिथल्या फुटपाथवरच्या इंग्रजी ढिगाऱ्यातून कुठून तरी एक मराठी पुस्तक शोधून आणलंत. मी ते घेऊन गॅलरीत जाऊन रडले. सगळ्या मजल्याने ऐकलं. रात्री आईने जुन्या चादरीची झालर माझ्याच जुन्या फ्रॉकला लावून दिली आणि म्हणाली, ‘आता वाच.’ वाचलं. आवडलंही, पण हे कबूल करायला मला चाळीस वर्षं होत आली.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं पंचांग वेगळं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबरला कलामांचा जन्मदिवस, तो आपल्याकडे २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन. मग १४ नोव्हेंबरपासून आठवडाभर ग्रंथालय सप्ताह. प्रत्येक वेळी दारात रांगोळी, टेबलावर पुस्तकं मांडायची, प्राचार्यांनी फीत कापायची, फोटो. त्या दिवशी पुस्तकांना हात लावू नका, असं शिपाई मुलांना सांगतो, मांडणी बिघडते म्हणून. खरंच सांगते.

काल तर घरातच गंमत झाली. शाळेने सांगितलं होतं की वाचन प्रेरणा दिनानिमित्त मुलाचा वाचतानाचा फोटो पालकांनी ग्रुपवर टाकायचा. तुमचा नातू शहाण्यासारखा पुस्तक उघडून बसला, मी फोटो काढला, टाकला. त्यावर त्याने विचारलं, ‘आता ठेवू का?’ मी काय उत्तर देणार! म्हटलं, ठेव. रात्री अंथरुणात टॉर्च लावून काहीतरी वाचत होता. त्याचा फोटो मी काढला नाही.

एप्रिलमधला पुस्तक दिन बाबांना सांगायचा राहून गेला होता. युनेस्कोने १९९५ मध्ये हा दिवस ठरवला. स्पेनमधल्या कॅटलोनियात त्या दिवशी एकमेकांना पुस्तक आणि गुलाब देण्याची रीत आधीपासूनच आहे. शिवाय शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस दोघांच्याही नावावर मृत्यूची २३ एप्रिल १६१६ ही तारीख लागते. पण गंमत पुढे आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं कॅलेंडर चालायचं आणि स्पेनमध्ये नवं, त्यामुळे तारीख तीच असली तरी दोघांत दहा दिवसांचं अंतर. त्यात सर्व्हान्तेस आदल्या दिवशीच गेला आणि २३ ला त्याला पुरलं, असं म्हणतात. म्हणजे शिक्का एक, पोस्टात पडल्याचे दिवस वेगळे. तुम्ही असं पाकीट बाजूला काढून ठेवलं असतंत. यंदा मी गुलाबाऐवजी मोगऱ्याचे गजरे आणले होते, पुस्तक नेणाऱ्याला एक गजरा. नेमकी परीक्षा सुरू होती. सात पुस्तकं गेली. उरलेले गजरे शिपायाच्या बायकोने, तिच्या बहिणींनी आणि मी माळले.

१२ ऑगस्ट हा रंगनाथनांचा जन्मदिवस. मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आम्हाला हे परीक्षेला होते, पाठ केले आणि विसरले. रोजच्या कामात तिसराच नियम समोर येतो. कपाटात अशी पुस्तकं निघतात की मागे चिकटवलेल्या, नेल्याच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही. वीस वर्षं आहेत आणि कोणी नेलेली नाहीत. अशी मी बाहेर टेबलावर काढून ठेवते. दुसऱ्या नियमाचं काय, म्हणजे असा वाचक ज्याला पुस्तकच दिलं गेलं नाही, तो माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. ट्रंक उघडेपर्यंत.

बाबा, रागावू नका. दोन्ही ट्रंकांतली सगळी पहिली पानं मी पाहिली. माझं नाव आहे, दादाचं आहे, शेजारच्या मुलांना द्यायची म्हणून आणलेली आणि द्यायची राहिलेली दोन आहेत. तुमच्या खात्यातून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही पुस्तक द्यायचात, हे मला आठवतं. आईच्या नावाचं एकही नाही. आईला पाडव्याला साडी. एका वर्षी कुकर.

आणि दिवाळी अंकांची ती भिशी! मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांनी एकेक अंक घ्यायचा आणि फिरवायचा. कोणाकडे कधी, याचा कागद दाराच्या मागे. दरवर्षी अंक हातात आला की तुम्ही सांगायचात, १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, मूळ आडनाव आजगावकर, बंगालीवर जीव म्हणून मित्र झाले. एकदा आई आतून चकल्या तळता तळता म्हणाली होती, ‘१९०९ पासून लोक वाचतायत, तुळशीच्या लग्नापर्यंत माझाही नंबर लागू दे.’ सगळे हसलो होतो. तिच्या हातात अंक यायचा तेव्हा शब्दकोडी सोडवलेली असायची, मधली पानं सुटलेली असायची आणि संक्रांत जवळ आलेली असायची.

आता मुख्य गोष्ट. भिजलेल्या पुस्तकांची कव्हरं काढावी लागली. आई, तू घातलेली, जुन्या कॅलेंडरच्या पानांची, खळीने चिकटवलेली. ओली होऊन ती आपोआप सुटली. आतल्या बाजूला १९८६ चा नोव्हेंबर निघाला. कव्हराच्या मापाने कापल्यामुळे पहिला आठवडा गेलेला. चौकटीत तुझं बारीक अक्षर. ‘दूध अर्धा ज्यादा.’ ‘गॅस नंबर लावला.’ आणि एका चौकटीत ‘पान ३१’. पुढे ‘पान ३८’. पुढे ‘वन्सं आल्या’, मग सहा दिवस काहीच नाही. मग पुन्हा ‘पान ३८’. मग ‘४४’, ‘५०’, गॅस आला, ‘५१’. मी आधी समजले किराण्याचा हिशोब असेल. पान कसलं, विड्याचं? आपल्याकडे विडा कोण खातं?

मग मी धडधाकट पुस्तकांचीही कव्हरं काढली. सव्वीस. आई, कोरी घालून देते, ओरडू नकोस. त्यातल्या नऊ कव्हरांत आकडे सापडले. एका मार्चमध्ये २७ तारखेला ‘संपलं’ असं आहे आणि खाली दोन रेघा ओढल्या आहेत.

आमच्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्के असतात तसेच हे. फरक एवढाच की कॅलेंडरचं पान महिना संपल्यावर ज्या पुस्तकाला बसेल त्याला गेलं, त्यामुळे ‘पान ३८’ कुठल्या पुस्तकाचं ते कळायला मार्ग नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात तू काय वाचत होतीस? वन्सं गेल्यावर पुन्हा ३८ पासून का सुरू केलंस, विसरली होतीस म्हणून की ते पान आवडलं होतं म्हणून? आणि कधी वाचायचीस? मला तू वाचताना फक्त श्रावणात आठवतेस. शुक्रवारी जिवतीच्या कागदासमोर ‘आटपाट नगर होतं’ म्हणून सुरू करायचीस आणि सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय. तुझा आवाज लागला की शेजारच्या काकू स्टोव्ह बारीक करायच्या. तुझं वाचन म्हणजे पोथी, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. बाबा वाचणारे, आई पोथीवाली. मी ग्रंथपाल होऊनही तेच धरून चालले, हे मला जास्त लागलं.

बाबा, तुमच्या डोळ्यांचं मी विसरलेले नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेचं दिसत राहील. म्हणजे अंगणातलं मांजर दिसतं आणि अक्षर दिसत नाही. भिंग झालं, मोठा दिवा झाला. मोबाइलमधलं बोलकं पुस्तक लावून दिलं तर तुमचं म्हणणं, ‘तो माणूस अडखळतच नाही, ऐकायला मजा येत नाही.’ अडखळणारं माणूस घरात आहे. जुनी अकरावी पास आहे, अकराव्या अध्यायाचा सराव आहे आणि नऊ कॅलेंडरांचा पुरावाही आहे.

पाडव्याच्या आत पोचेल असं पार्सल आज टाकलंय. बाबा, रजिस्टर पोस्ट आता वेगळं उरलं नाही, स्पीड पोस्टातच मिळवलं, त्यामुळे काउंटरवर तुमच्या नावाने थोडी हळहळ व्यक्त करून आले. आत एक पुस्तक आहे. कुठलं ते लिहीत नाही. जाड टाइपाचं आहे, एवढंच. ते मी दिलेलं नाही, तुम्ही आईला द्यायचंय. पाडव्याला ती ओवाळेल तेव्हा तबकात साडी नाही, हे ठेवायचं.

पहिलं पान कोरं ठेवलंय. सोबत जाड काळं मार्कर आहे, कडेच्या नजरेने तेवढं दिसेल. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, ओळ खाली घसरली तरी चालेल. ‘सौ.’ लिहायचं की नुसतं नाव, ते तुम्ही ठरवा. निमित्त मात्र नीट लिहा, दात पडल्यासारखं काहीतरी नको. आणि पिनकोड आता देवरुखचा.

आई, रोज दुपारी चहानंतर वाचायचं, तुझ्या सोयीने. आधी तू ठरवशील तितकी पानं. ‘जरा मागचं वाच’ असं बाबा म्हणतील, तेव्हा वाचायचं की नाही तेही तू ठरव. डाळ करपू दे.

दादाला अजून काही सांगितलेलं नाही. तो लगेच व्हिडिओ काढ म्हणेल.

दिवाळीला येता येत नाही, भाऊबीज झाल्यावर चार दिवस येतो. येताना भिजलेली पुस्तकं आणते. फुगली आहेत, पण पानं सुटी होतात.

तुमची,
मनी

ता. क. फोनवर ‘जेवलीस का’ विचारून झालं की आईने मला पानाचा नंबर सांगायचा. मी इथे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवीन. नोव्हेंबरचं पान मोकळंच आहे.