तिसरी-चौथीचा भूगोल भिंतीवरून खाली उतरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शाळांबद्दल बरीच पत्रं येतात, कुठली भाषा पहिलीपासून हवी, गणवेश वेळेवर मिळाले का, दप्तराचं ओझं वगैरे, पण भूगोलाबद्दल कुणी लिहिलेलं मी तरी बघितलं नाही. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, जास्त करून सातारा जिल्ह्यातल्या पाटण-कराड भागात, आणि आता नातवंडांचा अभ्यास घेते म्हणून हे पत्र.

प्राथमिकला भूगोल म्हणजे अजूनही प्रश्नोत्तरं. जिल्ह्यात तालुके किती, अकरा. कृष्णा नदी कुठे उगम पावते, महाबळेश्वरला. पोरं धडाधड सांगतात आणि पैकीच्या पैकी मार्क पण मिळतात. मग त्याच पोराला विचारा की बाबा आपल्या शाळेवरून महाबळेश्वर कुठल्या दिशेला, हात करून दाखव. बघा काय होतं ते.

गडबड नकाशापासूनच सुरू होते. नकाशा भिंतीवर टांगलेला असतो आणि आपण शिकवतो की वर उत्तर, खाली दक्षिण, त्यामुळे वर्गात उत्तर कुठे विचारलं की निम्मी पोरं पत्र्याकडे बोट करतात, हसण्यासारखं नाही हो, त्यांना जे दिसतं तेच ती सांगतात. त्यात नदी नेहमी खाली वाहते हे माहीत असतं, मग नकाशात वरून खालीच वाहणार असंही काहींना वाटतं. यावर उपाय फुकटातला आहे, नकाशा काढून फरशीवर अंथरायचा आणि त्यातली उत्तर खऱ्या उत्तरेला लावून मुलांना भोवती बसवायचं. त्याच्या आधी खडूने शाळेचा, मग वाडीचा नकाशा त्यांनाच काढू द्यायचा. मोबाइलवरचा नकाशा नंतर दाखवा, त्यात स्वतःचं घर वरून बघायला पोरांना आवडतंच, पण तो आपण वळू तसा फिरतो आणि परत सगळा घोळ.

दिशांचं पण तेच. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहा, समोर पूर्व, हे आपण सगळे शिकलो. पण जूनमध्ये शाळा भरते तेव्हा आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या चांगला उत्तरेला सरकून उगवतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला, बरोब्बर पूर्वेला फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. हे तिसरीच्या पोराला समजावायला जाऊच नका, फक्त महिन्यातून एकदा सूर्य कुठल्या झाडामागून, कुणाच्या घरामागून वर आला ते वहीत लिहायला लावा, चौथीत जाईपर्यंत पोरगं स्वतःच विचारतं की हा सरकतो का म्हणून. (दुपारी सावली गायब होण्याचा दिवस वर्षातून दोनदा येतो, पण आपल्याकडे एकदा मे महिन्याच्या सुट्टीत आणि दुसऱ्यांदा ऐन पावसाळ्यात ढगाआड, म्हणजे शाळेच्या वाट्याला येतच नाही.)

आमच्या वेळी तिसरीला आपल्या जिल्ह्याचा आणि चौथीला महाराष्ट्राचा भूगोल असायचा, आणि ज्याने कोणी हा क्रम लावला त्याला मी आजही मानते. आमच्या सातारा जिल्ह्याचंच बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात, दहिवडीला, पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, कलेक्टर एकच. पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराआड असल्यामुळे कमी पाऊस मिळणारा भाग, ही व्याख्या पाठ करायची गरज काय, अर्धा जिल्हा त्यातच राहतो!

नद्यांचं तर विचारूच नका. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री सगळ्या महाबळेश्वरच्या. सह्याद्री म्हणजे कौलारू घराचं आढं धरा, अलीकडच्या पाखीवरचं पाणी अंगणात आणि पलीकडचं परड्यात. सावित्री पलीकडे उतरून महाडवरून बाणकोटला अरबी समुद्रात जाते, कृष्णेला तोच समुद्र ६५ किलोमीटरवर असताना ती पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वेण्णा तिला माहुलीला गाठते, आणि कोयना आधी सरळ दक्षिणेला जाऊन हेळवाकजवळ वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर येऊन भिडते. तिथे पोरांना नुसतं उभं करा आणि दोन्ही पाणी कुठून आलं विचारा, दोघींचा डोंगर एकच निघाल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आणि धरण बांधून माणसाने त्यात आणखी गंमत केलीय, कोयनेचं बरंचसं पाणी वीज तयार करायला बोगद्यातून पोफळीकडे उतरवतात, म्हणजे पूर्वेला जाणारं पाणी वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. जुलै आला की आमच्याकडे घराघरात कोयना किती टीएमसी झाली हीच चर्चा, धरण १०५ टीएमसीचं हे शेंबडं पोर पण सांगतं, पण एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरच्या वर पाणी हे कुणी वर्गात सांगत नाही. पेपरातला रोजचा आकडा फळ्यावर लिहून आलेख काढला तर गणित पण होतं.

शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरा, खिचडीचा हिशोब ठेवा, निवडणुकीची कामं करा. वर्गाबाहेर पोरं नेली की कुणीतरी विचारणार शिकवणं सोडून फिरताय काय. म्हणून एक सोपी गोष्ट सुचवते. पाटण-महाबळेश्वरकडची एक शाळा आणि माण-खटावकडची एक शाळा अशा जोड्या लावा. प्लॅस्टिकच्या बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवलं की पर्जन्यमापक तयार, तळाला गोलाई असते तिथवर खडे आणि पाणी भरून शून्याची खूण करायची आणि वर पट्टी चिकटवायची. पावसाळाभर दोन्ही शाळांनी आपापले आकडे व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवायचे. इकडची पोरं बाटली रोज ओतून दमतील आणि तिकडची दोन-दोन आठवडे कोरडी बाटली बघत बसतील. मग हिवाळ्यात सहल वॉटर पार्कला न नेता एकमेकांच्या गावाला न्या, शाळेच्या सहलीला एसटी सवलत देतेच. तिकडची ज्वारी, मेंढरं, पाझर तलाव आमच्या पोरांनी बघावेत आणि त्यांनी आमची भाताची खाचरं बघावीत.

याला जीआरची वाट बघायची गरज नाही, केंद्रप्रमुखांच्या एका मीटिंगमध्ये जोड्या लागतील. माणमधल्या कुणा गुरुजींनी किंवा बाईंनी हे वाचलं तर पाटणकडच्या एखाद्या ओळखीच्या शाळेला आत्ताच फोन लावा, बाटल्या जूनच्या आधी तयार पाहिजेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड